फोटोपुरतं पाणी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चोरी केली नाही, लाच दिली नाही, दुसऱ्याचा बांध कोरला नाही, आणि तरी शेजारणीचं घर बसलं. पाप लागेल का? काही माना हलल्या. आडव्या! थांबा, आधी ऐका!

वाघझरी गाव. तिथं सखाहरी आणि गयाबाई यांची सामाईक विहीर. तीन दिवस याची पाळी, तीन दिवस तिची. गयाबाईचा नवरा गेलेला. पण तिची वीस गुंठे उन्हाळी मिरची अशी, की तोडणीला सहा बाया लागायच्या! त्याच मिरचीवर तिची शैला तालुक्याला वसतिगृहात राहून अकरावी शिकत होती.

सखाहरीला अनुदानातून शेततळं मंजूर झालं. सरळ माणूस! नियमाप्रमाणे खोदलं, प्लास्टिक अंथरलं. मग निरोप आला: भरलेल्या तळ्याचा फोटो दाखवा, तेव्हा अनुदान. आता सांगा, शेततळं कशासाठी? पावसाचं पाणी साठवायला. फोटो कधी? चैत्रात! चैत्रात ढग कुठल्या कचेरीतून आणायचा?

सखाहरीनं आपल्या पाळीला मोटर लावली. विहिरीतलं पाणी तळ्यात! गयाबाई धावत आली.

"भाऊजी, विहिरीचा तळ दिसतोय!"

"वहिनी, पाळी माझीच हाय ना? तुमच्या दिवसाला हात लावला का मी?"

नाही लावला. खरं बोलला! पण झऱ्याला पाळी कळते का, मंडळी? तिचे दिवस आले. मोटर दोनदा खोकली आणि गप्प.

मिरची फुलावर. ती पुन्हा गेली. "तळ्यातून दोन तास द्या. दोनच!"

"साहेब बघून गेले की लागंल तेवढं घ्या, वहिनी. आता तळं उतरलं तर फोटो नाही, फोटो नाही तर मी बुडालो. आठ दिवस कळ काढा!"

साहेब! साहेब म्हणजे पाऊसच — अंदाज रोज, येणं कधीतरी! आठाचे एकोणीस दिवस झाले. उन्हानं तळं उतरायचं, हा पुन्हा मोटर लावायचा. विसाव्या दिवशी जीप आली. फोटो निघाला. आभाळ निळं, पाणी निळं, मधे सखाहरी हात बांधून उभा.

त्याच संध्याकाळी तो स्वतः पाइप ओढत तिच्या शेतात गेला. "वहिनी, घ्या पाणी."

"कशाला, भाऊजी? काड्या भिजवायला?"

तोडणीच्या सहा बायांपैकी चौघी वीटभट्टीवर गेल्या. शैला शिक्षण सोडून, पेटी घेऊन परत आली. आज सखाहरीची डाळिंबाची बाग आहे, दारात गाडी आहे. पाहुणे म्हणतात, गाव सुधारलं! त्याच बागेत मायलेकी मजुरीनं डाळिंब तोडतात. त्या असतील त्या ओळीकडे सखाहरी फिरकत नाही. मजुरीसुद्धा बायकोच्या हाती पाठवतो.

आता तुमच्याकडे येतो. गावात शिरताना सहा शेततळी दिसली. सहाही काठोकाठ, भोवती तारेचं कुंपण. पलीकडे विहीर दिसली. वाकून खडा टाकला. मंडळी — दगडावर दगड वाजला!

अनुदान घ्या, हक्काचं आहे. सखाहरीनंही हक्काचंच घेतलं होतं. मी नाव घेणार नाही. पण ती विहीर ज्या दोघांची आहे, ते दोघंही इथंच बसलेत. एक पुढं गादीवर, एक मागं खांबाला टेकून.

टाळ राहू द्या जरा. नाम नंतर घेऊ. आधी पुढच्यानं मागं वळून बघावं.