कळपाच्या पुढं

पिशोरच्या बसची वाट बघत अरफा परीक्षेसाठी इंग्रजी क्रियापदं घोकत होती. शेजारच्या बाकावर मेंढ्या राखणारे मुंजाबा अन् त्यांची बायको बानाबाई टेकले होते.

"काय घोकती गं पोरी?" मुंजाबांनी विचारलं.

"'वीकन', बाबा. म्हणजे ताकद कमी होत जाणं. आता त्याचं वाक्य करायचंय."

"मग मेंढीचं कर की! मेंढी वीकन व्हाया लागली, की आमी तिला कळपाच्या पुढं घालतो."

"पुढं? मागं का नाही?"

"मागं राहिली तर चुकती. पुढं असली, की समदा कळप तिच्याच चालीनं चालतो. अन् तिला पत्ताबी लागत नाय."

"आवं," बानाबाई म्हणाली, "दिवाळीपासून तुमी मला पुढं चालाया लावताय, ते का वं?"

"बस लागली बघ. चल, हो पुढं."