पसंती क्रमांक तीन

शेवटी नर्सबाईंनी आणि त्यांच्या वायरमन नवऱ्याने जादूच्या दरवाजांच्या राज्यात राहायचं नक्की केलं. हे मी सांगितलंच नाही असं समजा. अजून ते बदली कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढेच उभे आहेत. सहा वर्षं नोकऱ्या दोन गावांत, आणि अर्जातली तिसरी पसंती रिकामी.

"ड्रॅगनचं राज्य लिहू?"

"नको रे बाबा! रोज भाजलेले पेशंट. माझी ड्युटी संपायचीच नाही."

"मग अंतराळयान. वायरमन तिथे लागतोच."

"तुला एका यानात टाकतील, मला दुसऱ्या. साहेब तिथेही असणारच."

"थांब, थांब! जादूचे दरवाजे! तू वॉर्डातून पाऊल टाकलंस की थेट आपलं स्वयंपाकघर."

"रोज?"

"रोज! तुला नाइट असली तर मी डबा घेऊन वॉर्डात."

"अय्या! लिही, लिही पटकन!"

"खरंच? पेनने?"

"सहा वर्षं खरी गावं लिहिली, काय दिलं त्यांनी?"

त्याने लिहिलं. तिने खाली सही ठोकली. अर्ज खिडकीत सरकवताना मला दिसला:

"उभयतांना एकाच विश्वात नेमणूक मिळावी, ही नम्र विनंती. दरवाजाची देखभाल अर्जदार स्वतः करील."