सोजराची जागा

माझं माहेर नी सासर दोन्ही ह्या मुरबे गावातच, मंजे एका आळीतनं उठून दुसऱ्या आळीत गेली एवढंच, मनून मला बाहेरचं जास्ती काय ठाऊक नाय, सुकट-बोंबील घेऊन बोयसरच्या बाजारात बसते तेवढंच माझं फिरनं. बापूस माझा मच्छीमार, त्याचा बापूस पन मच्छीमार. आजा तांडेल होता, बोटीवरचा मुख्य मानूस, तो बोलेल तेव्हा जाळं टाकायचं नी तो बोलेल तेव्हा वढायचं. मी पायलाय त्याला, पन म्हातारपनी, डोळे गेलेले, मासळी सुकवायच्या खळ्यावर बसून जाळं विनायचा, डोळे नसले तरी हात बरोबर चालायचे. तुमी ज्याचं विचारायला आलात ना ताई, ती सोजराची गोष्ट त्याच्याच तोंडची, मी तेव्हा जन्मलेली पन नव्हती.

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं नी मोठी लढाई चालली होती. लढाई कुठं, कोनाकोनात, ते गावाला काय माहीत, घासलेट मिळत नाय, कापड मिळत नाय, एवढीच आमच्या गावाला लढाई ठाऊक. नी एक दिवस लांब दर्यात धूर दिसला, सगळं गाव किनाऱ्यावर बघत उभं राह्यलं, कोनी बोललं बोट जळते, कोनी बोललं ढग हाय. मग काय दिवसांनी आज्याच्या डोलीत मेलेला मानूस आला. डोल मंजे आमचं पिशवीसारखं लांब जाळं. आमच्यात असं हाय ताई, दर्यात मानूस सापडला तर त्याला सोडून यायचं नाय, मासळी सोडली तरी चालंल पन मानूस किनाऱ्याला आनायचा, कारन आज तो हाय, उद्या आपन असू. तर आज्यानं आनला. मग त्याच भरतीला आनखी दोघं वाळूवर येऊन लागले. तिघं झाले. दोघं गोरे, गळ्यात बिल्ले, नी तिसरा आपल्यासारखा सावळा, अर्धी चड्डी, गळ्यात काय नाय. फौजदार घोड्यावरनं आला, नाकाला रुमाल लावून बघितलं, काय लिवायचं ते लिवलं, नी बोलला पुरून टाका.

आता गोऱ्यांना पुरतात ते ठीक, पन सावळ्याचं काय करायचं यावर गावात बोलाचाली झाली. हिंदू असंल तर जाळायला पायजे, मुसलमान असंल तर त्याची माती वेगळी, किरिस्ताव असंल तर पादरी पायजे. आजा बोलला, तिघं एकत्र मेलेत, एकत्र आलेत, एकत्रच राहू द्या. मग सुरूच्या झाडांखाली, भरती पोचत नाय अशा वरच्या जागेला तिघांना ठेवलं, नी त्या जागेचं नावच पडलं सोजराची जागा. गोऱ्या शिपायाला सोजीर बोलायचे जुने लोक.

लढाई संपली. इंग्रज जायच्या बेतात होते तेव्हा एक ट्रक आला, साहेब आले, खोदायला मानसं घेऊन. बोलले, आमी सगळीकडचे आमचे मेलेले गोळा करतोय, पुन्याला मोठी जागा केलीय, फौजेची, तिथं नेतो. दोघं गोरे काढले, पेटीत भरले, पेटीवर कापड घातलं, सलाम मारला. तिसऱ्याला हात लावला नाय. आजा पुढं झाला, बोलला, साहेब ह्याला पन न्या, तो त्यांच्याच बोटीवरचा. साहेबाचा दुभाषा बोलला, ह्याचं नाव नाय, बिल्ला नाय, कोन ते ठाऊक नाय, आमच्या गिनतीत नाय. नी ट्रक गेला. आजा सांगायचा तेव्हा इथं येऊन थांबायचा. बोलायचा, दर्यानं तिघांना सारखं आनलं, मानसांनी निवडून नेलं.

तेव्हापासून आमच्या घरानं ती जागा बघितली. मोठं काय नाय हो, नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की एक तिथं, नी सर्वपित्रीला आपल्या पितरांचं पान वाढलं की एक पान त्याचं. आजीनं केलं, मग माझ्या आयेनं केलं. मला लहानपनी कंटाळा यायचा, उनात वाळू तुडवत जायचं, कोनाचा कोन तो. आये बोलायची, चल, त्याला कोन हाय दुसरं.

मग माझं लग्न झालं. नवरा माझा चांगला होता, दारू नाय, मार नाय, हसरा. बोटीवर जाताना मागं वळून बघायचा नाय, वळून बघू नये बोलतात, पन हात मागं करून हलवायचा, तेवढं करायचा. माझा नरेश अंगनवाडीत जायचा तेव्हाची गोष्ट, भादव्यात बोटी गेल्या, हवा फिरली, डोल वढताना दोरी पायात गुतली नी हा खाली गेला. बोटीवरच्यांनी शोधला, सातपाटीच्या बोटी आल्या, सगळ्यांनी शोधला. बोट परत आली, त्याचा डबा परत आला, तो नाय आला.

काय सांगू तुमाला, मेलेलं मानूस समोर असलं की बाई छाती पिटते, रडते, मग उठते. मी काय करू. कुंकू पुसायचं का नाय पुसायचं, कोनी बोलायचं पूस, कोनी बोलायचं थांब, एखाद्या बोटीनं उचलला असंल. मी दारात भात झाकून ठेवायची. मग एक जन गुजरातच्या बाजूनं बातमी घेऊन आला, की तिकडं वर कुठल्यातरी गावाला एक मानूस लागला होता, गाववाल्यांनी पुरला. दीर गेला बघायला, गाव सापडलं नाय, का ह्यानं नीट विचारलं नाय, देव जाने. सरकारी कागदावर मेलेला व्हायला पन त्याला किती वर्सं लागली.

त्याच्यानंतर सोजराच्या जागेला मला कोनी चल बोलायला लागलं नाय. मी आपली आपन जायची. झाडायची, सुरूच्या काड्या उचलायची, दगड सरळ लावायची. त्याच्याशी बोलायची पन थोडं, वेडी नाय हो मी, आपलं सहज, आज बाजार बरा झाला, आज पोराला ताप हाय. माझ्या मनात एकच, मी ह्याचं बघते तर तिकडं माझ्यावाल्याचं कोनीतरी बघत असंल.

नरेश मोठा झाला. बोटीवर नाय पाठवला त्याला, शप्पथ घेतली होती मी. बोयसरला रसायनाच्या कारखान्यात लागला, पाळीवर जायचा, डोळे लाल करून यायचा, पन यायचा. सून आनली सफाळ्याकडची, नयना, भातशेतीवाल्यांची पोर, दर्या लग्नाच्या आधी नीट बघितला पन नव्हता तिनं. कामाला चांगली. नात झाली. मला वाटलं, आता बास, आता काय वाईट व्हायचं राह्यलं नाय.

पन दर्या पुढं सरकत होता. आता तुमी जाऊन बघा, मी लहान असताना जिथं खेळली ती वाळू पान्यात हाय. एका बाजूला दगडांचा बंधारा घातला तर पानी दुसऱ्या बाजूला मारतं. सुरूची झाडं मुळासकट पडली, एकेक करून. मी बघायची, भरतीची रेघ दरवर्षी त्याच्याजवळ जाते. सरपंचाला सांगितलं, तो बोलला मावशी, घरं वाचवायची मारामार हाय, तुमी मेलेल्याचं काय घेऊन बसलात. खोटं नव्हतं त्याचं.

गेल्या वर्षी आषाढातल्या उधानाला जागा फुटली. सकाळी मी गेली तर दगड खाली पडलेले, नी वाळूच्या कापातनं हाडं बाहेर. कुत्री फिरत होती. मी कुत्री हाकलली, डोक्याचा पदर तसाच ठेवला, अंगावरची जुनी चादर होती ती पसरली नी हातानं एकेक उचलून ठेवलं. भीती नाय वाटली. हलकी असतात हो हाडं, सुरूच्या काडीसारखी. लोक जमले. कोनी बोललं दर्यात सोडा, दर्याचाच हाय. कोनी बोललं पोलिसांना कळवा, नायतर आपल्यावर येईल. पोलीस आले, पंचनामा केला, नी माझी चादर तिथंच टाकून हाडं प्लास्टिकच्या गोनीत भरून घेऊन गेले, तपासायला. साहेब तरुन होता, वाईट नव्हता, बोलला मावशी, नियम हाय, कोनाचा खून असंल तर. मी बोलली खूनच हाय, लढाई झाली होती. तो हसला.

मग मी फेऱ्या मारल्या. नरेश चिडायचा. मी बोलली मला एकदा पुन्याला ने, त्या दोघांना नेलं तिथं ह्याला पन घेतील, आता काय इंग्रज नाय. त्यानं सुट्टी काढली, नेलं, ते मी विसरनार नाय. काय ती जागा ताई. गवत असं की चटई, सारखे दगड, सरळ रांगा, रांगांमधे फुलझाडं. एक मानूस पाइपानं पानी घालत होता, तिथला राखनदार. आमचं सगळं त्यानं ऐकून घेतलं, नळ बंद करून ऐकलं. बोलला आये, माझ्या हातात काय नाय, वरनं ठरतं, नी तो फौजेतलाच होता ह्याला पुरावा पायजे. नरेशनं दगड वाचून दाखवले, कोन वीस वर्साचा, कोन एकवीस. काही दगडांवर नावच नव्हतं. मी विचारलं, मग ह्यांचा पुरावा काय होता. राखनदार बोलला, अंगावरचे कपडे असतील. आमच्याकडनं नेलेले दोघं कुठले ते काय कळलं नाय. मी झेंडूची फुलं नेली होती, कुठल्या दगडावर ठेवू. राखनदारच बोलला, कुठंही ठेवा आये, पोचतात. मी एका बिननावाच्या दगडापुढं ठेवली नी रडायला आलं. एवढं हिरवं, एवढं शांत, नी आमचा तेवढा गोनीत.

पावसाळा संपला तेव्हा पोलिसांनी बोलावलं. डॉक्टर बोलले होते हाडं जुनी हायेत, कोनाच्या उपयोगाची नायत. सरपंच आला, सही केली, गोनी माझ्या हातात. आता ठेवायचं कुठं. मसनवट्यावर नेलं तर कोनी बोललं, जात ठाऊक नाय, इथं नको. जाळावं तर मला पटेना, एवढी वर्सं मातीत राह्यला, आता आगीत कशाला घालू. मग मी ठरवलं, घराच्या मागं नारळाजवळ.

नरेशला सांगितलं तेव्हा तो जेवत होता, हात तसाच राह्यला. नयना पोरीला उचलून आतल्या खोलीत गेली. नी नरेश हळूच बोलला, ओरडला नाय, ओरडला असता तर बरं झालं असतं. बोलला, आये, तो आपला बाबा नाय. मी बोलली, मला ठाऊक हाय. तो बोलला, तुला ठाऊक नाय. तू ह्याला पुरशील नी बाबाला पुरलं असं समजून गप बसशील, मग मी कुठं जाऊ, मी अजून वाट बघतो.

ताई, मी इतकी वर्सं समजत होती की वाट बघनारी मी एकटी. अंगनवाडीतलं पोर, त्याला काय आठवत असंल, असं मला वाटायचं. कधी विचारलंच नाय त्याला.

पन मी ठेवला त्याला. कुठं टाकनार होती. खड्डा मीच काढला, नरेश आला नाय, शेजारची दोघं मानसं आली, नारळ फोडला. नयनाला मागच्या दारी जायला भीती वाटायला लागली, धुनं वाळत घालायची नाय तिकडं, नी पोर झोपेत दचकायला लागली. तिचं काय चुकलं हो, कोन नांदंल असं. दिवाळीनंतर त्यांनी बोयसरला खोली घेतली, कारखान्याजवळ. भांडन नाय. रविवारी नरेश मासळी न्यायला येतो, चा पितो, मागच्या दाराकडं बघत नाय. नयना फोनवर चांगली बोलते, आई जेवलात का विचारते, पन पोरीला इथं राहायला पाठवत नाय.

आता बोलतात बंदर होनार, आमच्या किनाऱ्यावर मोजनीवाले फिरतात, कोन बोलतं घरं जातील, कोन बोलतं राहतील. गेलं तर गेलं, मला उचलतील तेव्हा ह्याला कोन उचलनार, ते मला सुचत नाय. नरेशला कुठल्या तोंडानं सांगू. मी चुकली का नाय ते मला कोनी सांगत नाय, तुमी पन सांगू नका, तुमी पाव्हन्या. ह्या सर्वपित्रीला मी आनखी एक पान वाढलं, पहिल्यांदाच. माझ्या नवऱ्याचं पान आजवर मी वाढलं नव्हतं, वाढलं तर खरंच गेला असं होतं ना. ह्या वेळी वाढलं. नरेशला बोलावलं होतं. तो उंबऱ्यावर बसून राह्यला, आत आला नाय, पन गेला पन नाय, कावळा पान शिवेपर्यंत बसला. मग उठून पाळीला गेला.

चला, तुमाला गाडी गाठायची असंल, सुकट बांधून ठेवलीय तेवढी न्या, नाय बोलू नका. नी घरी पोचलात की मला फोन करा. माझ्या घरातनं जानाऱ्याला पोचल्याचा फोन करावाच लागतो, मग तो कोनी का असंना. नुसतं पोचली एवढं बोला. देव तुमच्या सगळ्यांना आपापल्या दारी पोचवो.