साकळलेलं रक्त उजळत नाही

बहीण : उद्या सुरी लावायची नाही, दादा. आधी हा एमआरआय नीट बघ.

दादा : बघितला. तुझ्या वहिनीच्या मांडीत रक्त साकळलंय. सकाळी चीर देतो, काढून टाकतो. हाडांचा डॉक्टर मी आहे की तू?

बहीण : हाडांचा तूच. पण एमआरआय वाचायचं काम माझं, आणि हे हाड नाही. शिरेतून डाय दिल्यावर या कडेच्या गाठी कशा उजळल्यात बघ. साकळलेलं रक्त असं उजळत नाही. मला हा सार्कोमा वाटतोय. स्नायूतला कॅन्सर.

दादा : अख्ख्या आयुष्यात एखाददुसरा दिसतो असला कॅन्सर! आणि तो नेमका माझ्या घरात?

बहीण : का? तुझ्या घराला वेगळा नियम आहे?

दादा : सोनोग्राफीत रक्तच म्हटलंय.

बहीण : चिठ्ठीवर तूच लिहिलंस, 'मार लागून रक्त साकळलंय.' सोनोग्राफीवाल्याने तुझीच री ओढली. एवढ्या मोठ्या सर्जनशी वाद कोण घालणार?

दादा : मार लागलाच होता. जिन्यात पडली ती. विचार तिला.

वहिनी : विचारा ना. दारातच उभी आहे मी.

दादा : अगं, तू कशाला उठून आलीस?

वहिनी : पाय माझा आहे म्हणून. गाठ आधीची. जिन्यात पडले ती नंतर. सांगितलं होतं तुम्हाला. बूट घालता घालता म्हणालात, 'संध्याकाळी बघू.'

दादा : मला नाही आठवत.

वहिनी : पेशंटचं बरं सगळं आठवतं!

दादा : बरं, चुकलं. उद्या उघडतो, सोक्षमोक्ष लावून टाकतो.

बहीण : अरे, तेच करायचं नाही! कॅन्सर असला तर चीर देऊन तूच तो मांडीभर पसरवशील. मग पाय वाचवणं कठीण. आधी सुईने तुकडा काढून तपासायचा. आणि सुई कुठून घालायची, ते पुढचं ऑपरेशन करणारा सर्जन ठरवेल. तो तू नाहीस.

दादा : माझ्या बायकोला दुसऱ्याच्या हाती सोपवू?

वहिनी : तुमच्या हाती होतेच की इतके दिवस. उद्याचं ऑपरेशन रद्द करा. फोन इथेच करा, माझ्यासमोर.

दादा : ...करतो.

वहिनी : वन्सं, आता मला दाखवा. त्यांना पुरे झालं.

बहीण : हे बघा, वहिनी. हे मांडीचं हाड. हा स्नायू. आणि हे...

वहिनी : एवढं मोठं? आणि मी त्याला रोज शेक देत होते.