बाबा, श्वास सोडा!

...अन् श्वास घ्यायचं कोणी शिकवते का हो? साठ वर्षं झाले, घेऊन राह्यलो, एकदाही चुकलो नाई! पण तुमाले सांगतो, आमची सुरभी पडली शाळेत खेळाची मॅडम. म्हणे, "चेंडू मारताना श्वास सोडा, बाबा!"

काहून? तर पांढरकवड्याच्या क्लबात टेनिसची मॅच, अन् समोर कोण? पुंडलिकराव! सुरभीचे सासरे, म्हणजे माहे इवाई, खास उमरखेडहून आलेले. पैज अशी, का हरला त्यानं साऱ्या क्लबाले गोवऱ्यायवर भाजून रोडगे करून घालायचे अन् जिंकला त्याच्या ताटात सोताच्या हातानं वाढायचे. मी पोरीचा बाप ना बाप्पा! आठ वर्षं झाले, "या इवाई, बसा इवाई, अजून एक घ्या इवाई..." एकदा, फक्त एकदा, मले त्यायच्या हातचं वाढून घ्यायचं होतं!

पण माही खोड वाईट. तीस वर्षं कपाशीवर फवारणी केली, राजेहो! पंप चालला का श्वास रोखायचा, वारा तोंडावर आला का पाठ फिरवायची, हे हाडातच बसलं. रॅकेट धरली का श्वास बंद! चार फटक्यात डोळे पांढरे! सुरभी वरडे, "बाबा, श्वास सोडा!" मंग सोडला. हूऽऽप! अन् काय सांगू, चेंडू सुसाट! हूऽऽप! पुंडलिकराव पळून पळून लाल. "इवाई, वावरात वांदर घुसलं का हो?" म्हटलं, "सायन्स हाय, इवाई!"

आला पॉइंट. हा एक मारला का मी जिंकलो! त्यायनं चेंडू दिला असा अलगद, वर... अन् तेवढ्यात वावटळ आली हो! धूळ घेऊन, सरळ तोंडावर! म्या श्वास रोखला, पाठ फिरवली, अन् चेंडू मागून टप्पा घेऊन गेला! "बाबा, श्वास..." अवं, कायचा श्वास! तिथून जो गळालो, तो हरलोच.

मंग काय, बसलो गोवऱ्यायपाशी. विस्तव धरेना. म्हटलं, शिकलेली विद्या कामी आणू, अन् मारली फुंक, थेट बेंबीपासून, हूऽऽप! सारी राख पुंडलिकरावच्या पांढऱ्या शर्टावर! अन् आमची मॅडम काय वरडते? "बाबा, श्वास रोखा!"

रोखला, बाप्पा. अन् वाढाले उठलो... "अजून एक घ्या, इवाई."