चार तासांची वाट

कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. आजोबांच्या हातात काठी होती. काउंटरवरच्या मुलीने एक छोटा कॅमेरा पुढे केला.

"हा घ्या, आजोबा. पट्ट्याने छातीवर बसतो, हात मोकळे राहतात. डोंगर चढायला बरा."

"चढणार ही आहे. माझे गुडघे आता जिन्यालाही नको म्हणतात."

"मग आजी, शिखरावरून काय सुंदर दिसेल यात!"

"शिखराचं सोड गं. यांना सगळी वाट हवी आहे, अगदी पायथ्यापासून."

"सगळी? किती वेळाची आहे?"

"चार तासांची. खुर्चीत बसून मीही चढेन म्हणतो."

"मग हाच न्या. वाट कितीही खडबडीत असू दे, चित्र जराही हलत नाही. ढगावरून तरंगत गेल्यासारखं वाटतं."

"ते बंद करता येतं का?"

"येतं, पण मग सगळं हलेल, आजोबा."

"हलू दे. चालल्यासारखं वाटलं पाहिजे."

"आणि अहो, शेवटच्या चढाला मी जरा थांबेन हं."

"दमशील म्हणून?"

"नाही हो. तिथे तुम्ही नेहमी मागे राहता."