गेटावरची खुर्ची

दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त वॉचमन आणि त्याची बायको नंबराची वाट पाहत बसले होते.

"डॉक्टरांना नीट सांगा, नोकरी सुटल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही."

"सांगतो. पलंगावर झोपच येत नाही गं. खुर्चीत कशी गाढ लागायची!"

"कुठल्या खुर्चीत?"

"गेटावरच्या."

"अहो, म्हणजे रात्रपाळीला तुम्ही झोपायचात?"

"जरा डोळा लागायचा. उजाडेपर्यंत."

"आणि दिवसभर घरी घोरायचात ते?"

"तू पोरांना इतकं गप्प बसवायचीस, मग जागं राहणं बरं दिसलं नसतं."

"तीस वर्षं मी घरात भांडं वाजू दिलं नाही हो!"

"अगं, हळू बोल. लोक बघताहेत."

"तीस वर्षं हळूच बोलले!"